चौदा हजार पावलं आणि एक टाचणी

सोमवार, ३ फेब्रुवारी. दुपारी.

ही वही मापांची. मागची पानं कोरी आहेत, त्यात लिहिते. मापांची वही कोणी उघडत नाही. माणसाला स्वतःच्या कंबरेचा आकडा बघवत नाही, दुसऱ्याचा कशाला बघेल.

आज चिरंजीव, सूनबाई आणि नात तिघंही आले. एका खोक्यात घड्याळ, दुसऱ्यात दंडाला बांधायचा पट्टा, तिसऱ्यात नवा फोन. म्हटलं, वरात कुठे निघाली? कोणी हसलं नाही. म्हणजे प्रकरण गंभीर.

कारण गेल्या महिन्यातलं. मी दुकानात खाली बसून टाचणी शोधत होते. तेवढ्यात रिटायर्ड बँकवाले साहेब पँट न्यायला आले आणि बोभाटा केला की म्हातारी पडली. पडले नव्हते. टाचणी शोधत होते. जरा वेळ लागला. दुपारची संध्याकाळ झाली. टाचणी बारीक असते.

पण डॉक्टरांनी प्रेशर सांगितलं आणि चिरंजीवांना आयतं कारण मिळालं. त्यांचं म्हणणं, आई, आता एकटं राहणं पुरे, आमच्याकडे चल. त्यांच्याकडे म्हणजे सहाव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, गॅलरी आहे, सगळं आहे. मशीन ठेवायला जागा नाही. मशीन कोणा गरजूला देऊ म्हणे. मी काय मग गॅलरीत उभी राहून लिफ्ट मोजू?

एकोणचाळीस वर्षं या खोलीत शिवते आहे. खिडकीशी मशीन, मधे कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा. वर झोपायची खोली, मधे सतरा पायऱ्या. याला मी माझं घर म्हणते, चिरंजीव रिस्क म्हणतात.

शेवटी नातीने तोड काढली. एक महिना. ३ मार्चला डॉक्टर बघणार. रोज पाच हजार पावलं, सकाळी प्रेशर, दोन गोळ्या, सगळं फोनमध्ये दिसणार. नीट निघालं तर दुकान माझं. नाही तर सहावा मजला.

म्हटलं, चालेल. एवढंसं घड्याळ ते. मी चाळीस वर्षांचं मशीन हाताळते, तेल घालते, उघडून पुन्हा बसवते.

संकल्प: एकही दिवस चुकवायचा नाही. महिन्यानंतर घड्याळ चिरंजीवांच्याच मनगटावर बांधायचं. त्यांचं पोट बघा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

फोनमध्ये एक बाई आहे. सकाळी सात वाजता म्हणाली, शुभ सकाळ, आज तुम्हाला कसं वाटतंय? खाली पाच तोंडं. पहिलं हसरं, शेवटचं रडकं. त्यातलं एक दाबायचं. सख्ख्या सुनेने पंचवीस वर्षांत मला हे विचारलं नाही, ही परकी बाई विचारते. मधलं दाबलं, सरळ रेघेचं. हसरं दाबण्याइतकी मी लग्नाच्या फोटोतसुद्धा हसले नव्हते.

गोळी घेतली की खूण करायची. मी आधी खूण केली, मग गोळी शोधली. ती काल ठेवली तिथे नव्हती. सापडली. घेतली. बहुतेक ती कालचीच होती.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पावलं ४१२.

दिवसभर काम केलं. तीन पडदे, दोन चेनी, एका कोटाचं अस्तर. घड्याळ म्हणतं ४१२. वर दर तासाला मनगटावर गुरगुरतं आणि लिहून येतं, उठा, थोडं चाला. कॉलरची टीप मारताना उठू? कॉलर वाकडी आली तर गिऱ्हाईक तिला काय सांगणार, घड्याळाने उठवलं म्हणून?

उद्यापासून चालायला जायचं. सकाळी सहाला. नक्की.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सहाला जाग आली, पण बूट चावतात हे आठवलं. साडेदहाला गेले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. तिथे शेजारीण भेटली. तिला मी मनात दवंडी म्हणते. एका घरात खोकलं तर दुसऱ्या गल्लीत तिच्याकरवी कळतं. पाऊण तास उभी होते. तिची वहिनी, वहिनीचा गुडघा, गुडघ्याचा डॉक्टर, डॉक्टरचा घटस्फोट. उभं राहिलेलं घड्याळ धरत नाही. दवंडीसमोर उभं राहणं हे चालण्यापेक्षा जास्त थकवतं, पण यंत्राला काय कळणार.

पावलं ९७०. अन्याय आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

शनिवारी फुटपाथ खणलेला होता. रविवारी नुसताच रविवार होता. दोन्ही दिवसांचे मिळून ७०० भरले. चिरंजीवांचा फोन, आई, असं चालणार नाही. म्हटलं, मी पण तेच म्हणते, असं चालणार नाही, रस्ता नीट करायला सांग.

मग आज मशीनवर बसल्या बसल्या डोक्यात आलं. माझा हात दिवसभर कापड धरून स्थिर. चालतात ते पाय. पायडलवर. सकाळी नऊ ते एक, दोन ते सहा. मग घड्याळ हाताला बांधायचं कोणी ठरवलं? ज्याने ठरवलं तो शिवत नसणार.

पट्टा घोट्याला पुरेना. वीतभर इलॅस्टिक जोडलं, दुहेरी टीप मारली. छान बसलं. वरून मोजा.

पावलं ९,६४०.

ही लबाडी नाही. पाय माझेच आहेत. घड्याळाला फक्त योग्य जागी बसवलं. फोनमधल्या बाईने फुगे सोडले आणि म्हणाली, अभिनंदन, तुम्ही कमाल केलीत. बाई समजूतदार वाटते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पावलांचं मार्गी लागलं तर हे दुसरं. सकाळी पहिल्यांदाच दंडाला पट्टा बांधला, तो फुगला, हात आवळला, आकडा आला १६८. आकडा आपोआप फोनमधून दवाखान्यात जातो. मला वाटलं होतं आपण वहीत लिहून न्यायचा. तशीच सोय असती तर काही प्रश्न नव्हता.

पाच मिनिटांत दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन. आजी, डोकं दुखतंय का? म्हटलं, तुमचा फोन आल्यावर दुखायला लागलं. दहा मिनिटांत चिरंजीवांचा. आई, असे आणखी दोन-तीन आकडे आले तर महिना पुरा करायची गरज नाही.

मला त्यांच्या आवाजात ट्रकची घरघर ऐकू आली. मशीन नेणारा ट्रक.

तेवढ्यात दवंडी आली, पडद्याचं माप द्यायला. सहज म्हटलं, बाई, तुमचा दंड द्या. आकडा आला ११६. तिला कसलं प्रेशर असणार? मनात काही साठवतच नाही, सगळं गल्लीत वाटून मोकळी.

ठरलं. रोज सकाळी आठला तिने यायचं, पट्टा बांधून घ्यायचा. तिचे सगळे पडदे मी शिवून देणार. तिने तोंड शिवून ठेवायचं.

तात्पुरतं आहे हे. मला जरा बरं वाटेपर्यंत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

प्रेशर घेताना पाच मिनिटं बोलायचं नसतं. दवंडीला हे कळतं पण वळत नाही. तिसऱ्या मिनिटाला तिला काहीतरी आठवतं आणि तिचे गाल फुगतात, डोळे बाहेर येतात, शेवटी ती बोलतेच. मग पट्टा पुन्हा पहिल्यापासून. आज चार वेळा. तिच्या दंडाला वळ उठले. तक्रार केली. म्हटलं, गप्प बसला असता तर एकदाच झालं असतं.

११८.

दुपारी बँकवाले साहेब नवीन पँटचं माप द्यायला आले. दरवेळी तोच तमाशा. टेप कंबरेभोवती गेला की पोट आत, छाती बाहेर, श्वास बंद. म्हटलं, साहेब, श्वास सोडा. म्हणे, सोडलेलाच आहे. एवढं बोलताना त्यांचा चेहरा जांभळा. अडतीस आलं. मी चाळीस लिहिलं आणि वर शिवणीत दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडायची ठरवलं. तरी पंधरा दिवसांनी येऊन म्हणतील, तुमचं माप चुकलं.

असली माणसं फसवतात तरी कोणाला, मला कळत नाही. टेपाला काय पडलंय? पँट तर शेवटी त्यांनाच घालायची आहे.

जाताना म्हणाले, त्या दिवशीची टाचणी सापडली का हो? म्हटलं, सापडली. चांगले आहेत, पण चौकश्या फार.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दवाखान्याने आम्हा म्हाताऱ्यांचा एक ग्रुप केला आहे. तेवीस जण. त्यात रोज संध्याकाळी पावलांची यादी येते, वरपासून खालपर्यंत. महिन्याच्या सुरुवातीपासून बँकवाले साहेब पहिले होते. दहा हजार. काठी घेऊन बागेला फेऱ्या मारतात.

आज मी पहिली. १३,८८०. चादरींची मोठी ऑर्डर होती, सरळ लांब शिवणी, पाय थांबलाच नाही.

खाली सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली. कोणी लिहिलं, आजींकडून शिका. कोणी विचारलं, रहस्य काय? मी नातीला फोन करून विचारलं आणि उत्तर टाकलं: नियमितपणा.

खरंच आहे ते. एवढी पावलं झाल्यावर पाय दुखणारच. सूनबाईंना फोनवर सांगितलं की या वयात रोज दहा-बारा किलोमीटर होतात, तुम्हीही जरा हला. ती म्हणाली, हो आई. आवाजात आदर होता.

आज पाच तोंडांतलं दुसरं दाबलं. थोडं हसरं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

विजय. डॉक्टरांचा फोन. आजी, नऊ दिवस प्रेशर इतकं सुंदर आहे की गोळी जास्त होते आहे. संध्याकाळची बंद करू.

गोळी निम्म्यावर आली. म्हणजे तब्येत सुधारली. म्हणजे पायडलने प्रेशर उतरतं. हे कोणत्याही डॉक्टरला माहीत नव्हतं, मी शोधून काढलं. चाळीस वर्षं यांच्यापुढे माझं औषध होतं आणि हे गोळ्या देत बसले.

दवंडीला सांगितलं. ती म्हणाली, पण आकडा तर माझा होता ना? म्हटलं, तुम्ही त्यात पडू नका, तुम्हाला शास्त्र कळायचं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दोन दिवस डोकं जड. सुईत दोरा ओवताना सुया दोन दिसतात. चष्म्याचा नंबर वाढला असणार. दिवसाला बारा-बारा हजार पावलं टाकल्यावर डोळ्यांवर ताण येतोच.

नातीचा फोन. आजी, मी तुझा तक्ता बघत होते. रोज बरोबर नऊला सुरू होतेस, एकला थांबतेस, दोनला परत. म्हटलं, शिस्त आहे. म्हणाली, आणि त्या सतरा पायऱ्या चढल्याचं एकदाही दिसत नाही, वर झोपायला कशी जातेस, उडत? कॉलेजात पाठवलं की असं होतं. म्हटलं, गिऱ्हाईक आलंय. कोणी आलं नव्हतं.

फोन ठेवताना म्हणाली, आजी, काळजी घे हं. नुसतं एवढंच. मला ते आवडलं नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी. सकाळी साडेदहा.

सकाळी खाली उतरताना नवव्या पायरीवर बसले. बसावंसं वाटलं. कठडा धरून. समोरच्या भिंतीवर ओलीचा डाग आहे, त्याचा आकार नीट बघता आला. वर-खाली करण्याच्या घाईत इतकी वर्षं बघितलाच नव्हता.

किती वेळ बसले ते घड्याळात बघितलं असतं, पण ते घोट्याला होतं आणि खाली वाकायचा मूड नव्हता.

खाली आल्यावर सहज, फोन बंद ठेवून, पट्टा माझ्या दंडाला लावला. १८४. आठला आलेली दवंडी अजून बोलतच होती, मग तिच्या दंडाला लावला. ११४. पुन्हा माझ्या. १८८.

निष्कर्ष: यंत्र बिघडलं आहे. दवंडीच्या हाताला बरोबर चालतं, माझ्या हाताला नाही. वर्षानुवर्षं कात्री धरून माझ्या दंडाचा घेर वेगळा झाला असणार. एका मापाचा पट्टा सगळ्यांना कसा बसेल? कपड्याच्या धंद्यात हे शेंबडं पोरही सांगेल.

दवंडी म्हणाली, मला भीती वाटते हो, मी चिरंजीवांना सांगू का? म्हटलं, दिवाणखान्याचे पडदे अजून कापायचे आहेत. गप्प बसली. पण पहिल्यांदाच पाच मिनिटांहून जास्त.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

बँकवाले साहेब लंगडत आले. गुडघा टम्म. मला मागे टाकायचं म्हणून परवा बागेला बावीस फेऱ्या मारल्या. डॉक्टरांनी आठवडाभर बसायला सांगितलंय. मी त्यांना समजावलं की दुसऱ्याचं बघून करू नये, वयाप्रमाणे झेपेल तेवढंच करावं. ते म्हणाले, तुम्ही माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या आहात. म्हटलं, सवयीचा प्रश्न असतो.

गेल्यावर जरा कसंसंच वाटलं. पण मी थोडंच त्यांना चालायला सांगितलं होतं?

संध्याकाळी सिस्टरचा फोन. रविवारी ग्रुपची एकत्र फेरी आहे बागेत. पहिल्या नंबराने पुढे चालायचं आणि शेवटी चार शब्द बोलायचे. बक्षीस चालायचे बूट. म्हटलं, रविवारी फार काम आहे. सिस्टर म्हणाली, आजी, तुमचे चिरंजीवही येतो म्हणाले, त्यांना केवढा अभिमान वाटतोय.

आता नाही म्हणता येत नाही.

बाग केवढी, फेरी सातशे पावलांची. चौदा हजारवालीला सातशे म्हणजे खोलीतून खोलीत.

शनिवार, १ मार्च

सराव म्हणून दुकानात टेबलाभोवती फेऱ्या मारल्या. अकरा मारल्या आणि बसले. टेबल कोपऱ्याचं आहे, गरगरतं. बाग गोल आहे, तिथे तसं होणार नाही.

भाषण तयार केलं. यंत्रावर विश्वास ठेवा, असं सुरू होतं.

उद्या घड्याळ हाताला बांधावं लागणार. कोणी घड्याळ बघायला मागितलं तर लोकांसमोर मोजा कसा खाली करायचा.

रविवार, २ मार्च. संध्याकाळी.

थोडक्यात लिहिते. हात दुखतो आहे, कोपराला पट्टी आहे.

बागेत सगळे होते. सिस्टर, एकवीस म्हातारे, बाकावर पाय लांब करून बँकवाले साहेब, बोलावणं नसताना दवंडी. चिरंजीव गाडी लावून येतच होते. मी पुढे निघाले. फाटक, पहिलं बाक, कारंजं इथपर्यंत ठीक. कारंज्यापाशी झाडं जरा फिरली. मी खाली बसले.

बसल्याबरोबर मनगटावरचं घड्याळ किंचाळायला लागलं. त्यातही तीच बाई. तुम्ही जोरात पडल्याचं दिसतंय, तुम्ही ठीक आहात का? मी म्हटलं, पडले नाही, बसले आहे. पुन्हा तेच. तुम्ही पडल्याचं दिसतंय. म्हटलं, बाई, डोळे आहेत का तुम्हाला, मी बसले आहे, टाचणी

तोंडात तेच आलं. बागेत कसली टाचणी.

नंतर कळलं की तिच्याशी बोलायचं नसतं, ठीक आहे हे बटण अर्ध्या मिनिटात दाबायचं असतं. मी ते अर्धं मिनिट भांडण्यात घालवलं. मग तिने चिरंजीवांना फोन लावला. चिरंजीव फाटकात होते. हातात फुलांचा गुच्छ. धावत आले. बागेत आज खरी पावलं फक्त त्यांचीच पडली.

वीस दिवस घोट्याला होतं तेव्हा हूं की चूं केलं नाही त्या घड्याळाने. एकदा हाताला बांधलं तर ही चहाडी.

आणि दवंडी. चिरंजीव माझ्याजवळ गुडघे टेकतात न टेकतात तोच ती रडायला लागली आणि एका श्वासात सगळं सांगितलं. पट्टा, दंड, वळ, पडदे. अठरा दिवस साठवलेलं होतं बिचारीचं. सांगून झाल्यावर एकदम ताजीतवानी दिसायला लागली.

सिस्टरने माझा मोजा खाली करून बघितला. घोट्यावर इलॅस्टिकचा डाग होता. मग फोन बघितला. आजी, वीस दिवसांत दोन लाखांवर पावलं झालीत आणि नकाशावरचा तुमचा ठिपका एकदाही हललेला नाही. मघाशी फाटकात आलात तेवढाच.

भाषण झालं नाही.

सोमवार, ३ मार्च

डॉक्टर. दोन्ही दंडांना वेगवेगळ्या यंत्रांनी मोजलं. १७८, १८०. यंत्रं बरोबर आहेत म्हणे.

रागावले नाहीत. रागावले असते तर मला बोलता आलं असतं. म्हणाले, आजी, तुमच्या शेजारणीवर माझे उपचार अगदी बरोबर चालले होते. त्यांना गोळीची गरजच नाही. तुमची मात्र मी निम्मी काढून घेतली. पुन्हा चालू केली. वर एक नवी. पायडल मारायला हरकत नाही, पायांना चांगलं आहे, पण ते चालणं नव्हे.

चिरंजीवांनी गाडीतून परत आणलं. दुकानाशी उतरले, मशीनपाशी गेले, पायडलवर हाताने एकदा खाली दाबून बघितलं. लहानपणी तिथेच खाली बसून अभ्यास करायचे, तसं. मग म्हणाले, आई, त्या दिवशी संध्याकाळी साहेब आले नसते तर?

मी म्हटलं, आले ना.

ते म्हणाले, एक महिना आणखी. घड्याळ हाताला. पलंग खाली दुकानात, पायऱ्या बंद. आणि आकडा तुझा पाहिजे, चांगला नसला तरी चालेल, तुझा पाहिजे. सहावा मजला कुठे जात नाही.

पलंग आणायला दोन माणसं आली. कापायचं टेबल भिंतीला सरकवावं लागलं. आरशात आता पलंग दिसतो.

गुरुवार, ६ मार्च

पावलं ६३८. फाटक, पहिलं बाक, परत. नात सोबत होती, आज कॉलेजला सुट्टी आहे म्हणाली. विचारलं नाही कसली.

प्रेशर १६२. दवंडी येऊन बसते, आता माझा पट्टा फुगताना गप्प बसायची पाळी तिची नाही, तरी बसते. तिचे पडदे पुरे करते आहे. कबूल केले होते.

यादीत तेविसावी. माझ्याखाली आणखी कोणी नव्हतं. फोनमधल्या बाईने फुगे सोडले नाहीत. पाच तोंडांतलं चौथं दाबलं. तिने विचारलं, काही मदत हवी का? फोन बंद केला.

दुपारी साहेब आले. काठी टेकत, हातात ती नवी पँट. वर चढते पण बटण लागत नाही. दारातच म्हणाले, तुमचं माप चुकलेलं दिसतंय.

एरवी मी काय काय बोलले असते ते मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. मान खाली घालून वाट बघत उभे होते. मी कात्री घेतली आणि दोन्ही बाजूंची शिवण उसवायला लागले. सोडली होती ती दोन बोटं माया मोकळी केली.

 मग त्यांनीच विचारलं, त्या दिवशीची टाचणी खरंच सापडली का हो?

म्हटलं, साहेब, टाचणी नव्हतीच. पडले होते.

 मी टेप घेऊन उठले. त्यांनी हात वर केले, टेप कंबरेभोवती गेला, पोट आत, छाती बाहेर, चेहरा लाल. मी थांबले. ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू श्वास सोडला.

कंबर साडे-एकेचाळीस.